गाय ३१८ला उद्देशून

आमच्या डेअरी फार्मवर बाराशे गायी आहेत आणि एक महालक्ष्मी मामी. गायींच्या कानात पिवळे बिल्ले असतात, गळ्यात चिपचे पट्टे असतात. कुठली गाय किती वेळ बसली, किती वेळ रवंथ करत होती, सगळं ऑफिसातल्या स्क्रीनवर दिसतं. मामींना असला पट्टा लागत नाही. त्या कुठे आहेत ते गेटवरच्या वॉचमनलाही कळतं, एवढा त्यांचा आवाज मोठा आहे.

मी रुचिरा. फलटणची, जनावरांची डॉक्टर. चेन्नईला नोकरी लागली म्हटल्यावर आमच्या गल्लीत सगळ्यांना वाटलं, पोरगी आता रोज समुद्रावर फिरणार. डोंबल! मी राहते आवडी नावाच्या उपनगरात, एका पीजीत. स्टेशनसमोर फार्मची व्हॅन येते, तासभर हाडं खिळखिळी करते आणि तिरुवळ्ळूरच्या पुढे शेणाच्या वासात नेऊन सोडते. दोन वर्षांत मरीना बीच मी तीनदा पाहिला, त्यातून दोनदा बसच्या खिडकीतून.

दूध काढायच्या जागेला आमच्याकडे पार्लर म्हणतात. नाव ऐकून फेशियल वगैरे डोळ्यांसमोर आणू नका. मधे लांबलचक खड्डा, दोन्ही बाजूंना उंचावर वीस-वीस गायी पाठ करून उभ्या, आणि माणसं खाली खड्ड्यात. म्हणजे गायीची कास बरोबर तोंडासमोर येते, वाकावं लागत नाही. सड पुसायचे, हाताने दोन धारा काढून बघायच्या, मशीनचे कप लावायचे, पुढे सरकायचं. तुम्ही मॅनेजर असा नाहीतर डॉक्टर, खड्ड्यात उतरलात की डोक्यावर गायीचं ढुंगणच. आणि गायी काही तुमचं डेझिग्नेशन बघून शेपूट उचलत नाहीत.

या खड्ड्याच्या मामी सुपरवायझर. वय छप्पन्न, उंची माझ्या खांद्याइतकी. सुती साडी वर खोचलेली, त्यावर रबरी एप्रन, पायात गुडघ्यापर्यंत गमबूट, दोन्ही नाकपुड्यांत चमक्या आणि केसांत मल्लिगैचा, म्हणजे मोगऱ्याचा, ताजा गजरा. एवढ्या वासात तो गजरा कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. ‘गायी तुझा सेंट सहन करतात ना,’ मामी तमिळमध्ये म्हणाल्या.

मामी तंजावरच्या. म्हणजे मराठीच, पण तिथे साडेतीनशे वर्षं मुरलेल्या. त्यांचे पूर्वज राजाच्या फौजेबरोबर इकडे उतरले. आता असं म्हटलं की प्रत्येकाचा पूर्वज घोड्यावर बसून तलवार फिरवत आलेला असतो. मामी सरळ सांगतात की त्यांचा आचारी होता आणि बैलगाडीत भांड्यांवर बसून आला. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन त्या आवडीला आल्या. नवरा अप्पाजी, तोही तंजावरचाच, सरकारी कारखान्यात फिटर. कॉलनीतल्या क्वार्टरच्या मागे मामींनी गाय पाळली. नाव विशालाक्षी. कॉलनीत गाय पाळायला बंदी होती. इस्टेट ऑफिसर काढायला आला तेव्हा मामींनी विशालाक्षीला नेऊन त्याच्याच बंगल्याच्या फाटकाला बांधलं आणि म्हणाल्या, ठेवा जप्त करून, सकाळ-संध्याकाळ धार तेवढी तुम्ही काढा. त्या बंगल्यातली कॉफीसुद्धा विशालाक्षीच्याच दुधाची होती. गाय पुढे अकरा वर्षं क्वार्टरच्या मागेच राहिली.

मग विशालाक्षी गेली, आणि काही वर्षांनी अप्पाजीही गेले. मुलगी विद्यालक्ष्मी अण्णा नगरात एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, ती आईला आपल्याकडे घेऊन गेली. सातव्या मजल्यावर फ्लॅट. जावई तमिळ, भला माणूस. नात हरिणी शाळेत इंग्रजी बोलते, घरी तमिळ; मामींना ती पाट्टी म्हणते, म्हणजे आजी. मामी तिथे तीन महिने बसल्या, आणि चौथ्या महिन्यात छत्री घेऊन आमच्या फार्मच्या गेटवर हजर. अनुभवाचा दाखला काय, असं एचआरच्या माणसाने विचारलं तर म्हणाल्या, गाय आण. पार्लरमध्ये नेलं. पहिल्याच गायीच्या कासेखाली हात घालून म्हणाल्या, मागचा डावा सड, दगडी होणार हिला. दगडी म्हणजे कास सुजून घट्ट होते तो रोग. सेन्सर म्हणत होता गाय ठणठणीत आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी मागच्या डाव्या सडातून गाठी आल्या. सेन्सर आता सुधारलेत, हल्ली मामींच्या आधी सांगतात. मामींचं म्हणणं असं की ते त्यांच्याकडूनच शिकले.

तेव्हापासून मुलीच्या घरातून पहाटे निघायचं, दोन बस बदलून आवडीला फार्मची व्हॅन पकडायची, दोन पाळ्या करून संध्याकाळी परत. मुलगी दर रविवारी भांडते, अम्मा, आता पुरे. मामी दर सोमवारी हजर.

आता माझी आणि मामींची पहिली भेट सांगते, कारण सगळी माती तिथेच खाल्ली मी.

नोकरीचा माझा पहिला दिवस. तमिळचा एक शब्द येत नव्हता. मॅनेजर पुरुषोत्तम सर मला खड्ड्यात घेऊन आले आणि इंग्रजीत म्हणाले, या मामीसुद्धा तुमच्यासारख्या मराठी आहेत. मामींचा चेहरा असा काही उजळला की काय सांगू. हात एप्रनला पुसले, माझा हात धरला आणि म्हणाल्या, ‘ये गे, बैस. जेवण जालें काय?’

आणि मी हसले.

साधं नाही, खो खो हसले. ‘आईशप्पथ, मामी, तुम्ही तर बखरीतून बाहेर आल्यासारखं बोलता!’ वर मोबाईल काढला. ‘परत म्हणा ना, प्लीज, मैत्रिणींना पाठवते.’ मामी हसल्या. मला तरी तसं वाटलं. त्यांनी परत म्हटलं, अजून दोन-चार वाक्यं बोलल्या, मी सगळं घेतलं आणि कॉलेजच्या ग्रुपवर टाकलं. वर लिहिलं, ‘बखर मामी, लाइव्ह फ्रॉम खड्डा.’ हसून डोळ्यांतून पाणी आलेल्या चेहऱ्यांचा नुसता पाऊस पडला. पुढचे दोन दिवस मी व्हॅनमध्ये ती क्लिप वाजवून वाजवून ऐकली. मामी मागच्याच सीटवर असायच्या.

त्यानंतर मामी माझ्याशी मराठीत एक अक्षर बोलल्या नाहीत. ‘वणक्कम, मॅडम.’ ‘मॅडम, १०४ लंगडतेय.’ सगळं तमिळमध्ये, नाहीतर मोडक्या इंग्रजीत. मला काय वाटलं माहितीये? म्हटलं, म्हातारी खडूस आहे. वर हेही वाटलं की मला तमिळ शिकवण्यासाठी मुद्दाम करत असतील. शिकलेही मी. दोन वर्षांत ही दोन टोकं जोडावीत एवढी साधी अक्कल मला सुचली नाही. पशुवैद्यकात पहिली आले होते मी, म्हणून म्हटलं सांगून ठेवावं.

मराठी त्या फक्त गायींशी बोलायच्या. बोलायच्या म्हणजे तोंड सोडायच्या. खड्ड्यात पाय ठेवला की पट्टा सुरू, तो पाळी संपेपर्यंत. खड्ड्यात शंभर आवाज असतात, मशीनची धकधक, पंखे, पाण्याचे फवारे, त्यात शब्द काही कळायचे नाहीत, नुसता सूर ऐकू यायचा. बाकीची माणसं म्हणायची की मामींची बोलणी खाल्ल्याशिवाय गायी पान्हा सोडत नाहीत. मी एकदा सगळे आकडे काढून बघितले. मामी रजेवर असतात त्या दिवशी दूध अर्धा कपही कमी होत नाही. हे मी मोठ्या तोऱ्यात सगळ्यांना सांगितलंसुद्धा. कुणी विचारलं नव्हतं.

आणि मग आलं ते सर्टिफिकेट.

हल्ली दुधाच्या बाटलीवर ‘आनंदी गाय’ असा शिक्का असला की अण्णा नगरातली मंडळी ती डोळे झाकून उचलतात. तो शिक्का देणारी एक संस्था आहे. तिचे तपासनीस बेंगळुरूहून आले, पांढरे बूट घालून. खड्ड्यात उतरले, दोन मिनिटांत बुटांचा रंग बदलला, तरी माणूस चिवट. गायींच्या पायाखालचं रबर दाबून बघितलं, पंखे मोजले. शेवटी ऑफिसात बसून पार्लरच्या कॅमेऱ्याचं आवाजासकट रेकॉर्डिंग मागितलं. त्यात मामी. बहुतेक वेळ गाय ३१८च्या मागे उभ्या, कमरेवर हात, तोंड गायीकडे, आणि अकरा मिनिटं अखंड तोफखाना.

तपासनीस म्हणाले, ‘ही बाई जनावरावर ओरडतेय.’

पुरुषोत्तम सर म्हणाले, ‘सर, त्या गाणं म्हणत असतील.’

‘हे गाणं आहे?’

सरांनी पुन्हा ऐकलं. नाही म्हणाले.

नियम असा होता की जनावराला उद्देशून तीनपेक्षा जास्त शिव्या आढळल्या तर त्या माणसाला जनावरांच्या कामावरून हटवायचं. कायमचं. मामींना बाटल्या धुण्याच्या शेडमध्ये टाकलं असतं. पण शिव्या आहेत की आणखी काही, ते कळायला भाषा तर कळली पाहिजे. मग सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. एक फॉर्म दिला मला. वेळ, मूळ वाक्य, इंग्रजी अर्थ, कोणाला उद्देशून, प्रकार. प्रकारात तीनच खाने: हाक, आज्ञा, शिवी. खाली माझी सही. मुदत सोमवारपर्यंत.

मामींना सांगायला मीच गेले. त्या बादली विसळत होत्या. शांतपणे ऐकून घेतलं.

‘बाटल्या धुवायला मी येणार नाही,’ तमिळमध्ये म्हणाल्या. ‘बाटल्या घरीही आहेत. मग मी घरीच बसेन.’

‘घरी बसलात तर आरामच होईल की, मामी.’

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बादली पालथी घातली आणि गेल्या. अशी नजर गायीसुद्धा इंजेक्शन देणाऱ्यालाच देतात.

रविवारी दुपारी पीजीच्या खोलीत पंखा पाचवर ठेवून, कानात इअरफोन घालून बसले. खरं सांगायचं तर मजा येणार म्हणूनच बसले. पहिली दोन मिनिटं आलीही. गाय २०७ला, ‘सरक गे थेरडे, तुझ्या आजोबाचें अंगण काय हें?’ लिहिलं, शिवी, एक. गाय २९९ला, ‘लाथ मारतीस? मार, मार, कैदाशिणी!’ शिवी, दोन. तीन चालतात म्हणजे एकीची जागा होती अजून.

मग मामी ३१८शी आल्या. ३१८ ही आमची सगळ्यात मठ्ठ गाय. दूध सोडायला इतका वेळ लावते की समोरच्या बाजूच्या गायी जाऊन दुसऱ्या येतात तरी ही उभीच. मामींनी तिला कप लावले, कमरेवर हात ठेवले आणि सुरू झाल्या.

‘भवाने! टवळे! सटवे! दांत काढतीस? काय म्हणून दांत काढतीस गे, अवदसे?’

मी थांबवलं. बोटांवर मोजल्या. दोन आधीच्या आणि चार या. एकूण सहा. अजून आठ मिनिटं बाकी होती. संपल्या मामी, म्हटलं. बाटल्या नाहीतर सातवा मजला.

वाटलं, लिहून टाकावं की हे पारंपरिक दोहनगीत आहे. टवळी म्हणजे प्रातःकाळची देवता. कुणाला कळणार होतं? पण सही माझी होती, आणि चेन्नईत आणखी एकही मराठी माणूस नाही असंही नाही. उद्या कुणीही ऐकलं असतं. म्हणून म्हटलं पूर्ण ऐकून तर घेऊ. पुन्हा सुरू केलं.

‘आली मोठी मराठीची मालकीण! फलटणची शहाणी! लांबनाकी उंडगी!’

मी आरशात बघितलं. नाक आमच्या बाबांवर गेलंय, त्याला मी काय करू.

‘आम्हीं बोललों तर हिस हंसू येतें. फोन काढतीस? मी काय सर्कशींतली माकडीण? माझी आई हेंच बोलली, तिची आई हेंच बोलली. राजा गेला, राज्य गेलें, कोणी उरलें नाहीं, आम्हीं हें सांभाळलें. साडेतीनशें वर्षें! तें काय तुझ्या फोनांत घालायास, सटवे?’

मला आधी राग आला. पांघरूण घालून सांगत नाही, सणकून राग आला. दोन वर्षं! दोन वर्षं ही बाई माझ्यासमोर ‘वणक्कम मॅडम’ म्हणते आणि पाठीमागे गायीला माझं नाक सांगते? वाटलं, धुवू देत बाटल्या. लिहितेच सगळं. इअरफोन काढून फेकला, खाली जाऊन टपरीवर चहा प्यायले, चहावाल्यावर विनाकारण खेकसले. मग वर आले, कारण तीन मिनिटं ऐकायची राहिली होती.

ती तीन मिनिटं मामी ओरडल्या नाहीत. एवढ्या यंत्रांत आवाज कसाबसा येत होता, मला कानावर तळवे दाबून ऐकावं लागलं.

‘अप्पाजी होते तंव घरांत बोलणें होतें. आतां पोरीस सांगितलें तर ती तमिळांत उत्तर देते. हरिणी म्हणते, पाट्टी, काय बोलतीस, कळत नाहीं. तिचें काय चुकलें? ही आली तर मज वाटलें, देवानें माणूस पाठविलें. दोन वर्षें जालीं. तिच्याशीं बोलावयास तोंड उघडतें, मग तें हंसणें आठवतें, मग मिटतें. तूं हंसत नाहींस. म्हणून तुज सांगतें. आणि दूध सोड आतां, पुरें जालें.’

मी खोलीत एकटी बसून रडले. त्यात लपवण्यासारखं काय आहे? दोन वर्षं ती बाई एका गायीशी बोलत होती, आणि मी पाच फुटांवर उभी राहून त्याच गायीच्या रवंथाचे आकडे लिहून घेत होते.

मग फॉर्म भरायला घेतला. टवळीला इंग्रजीत शब्द नाही. सटवीलाही नाही. अवदसेचं भाषांतर मी ‘सर्व प्रकारच्या दुर्दैवाचं स्त्रीरूप’ असं काहीतरी केलं. एकूण शिव्या एकोणीस. दोन गायींना. सतरा राहिल्या. ‘कोणाला उद्देशून’ या खान्यात सतराही ठिकाणी मी माझा कर्मचारी क्रमांक लिहिला.

सोमवारी मीटिंग. तपासनीस स्क्रीनवर, पुरुषोत्तम सर समोर. तपासनीसांनी फॉर्म वाचला. चष्मा काढला, पुसला, परत वाचला.

‘कॅमेऱ्यात तर त्या गायीकडे बघतायत.’

‘बघतायत गायीकडे, बोलतायत मला.’

‘तुम्ही तिथे नव्हता.’

‘म्हणूनच तर बोलतायत.’

‘याला पुरावा काय? उद्या प्रत्येक फार्म म्हणेल की शिव्या डॉक्टरांना होत्या.’

पुरावा होता. माझ्या फोनमध्ये होता. मी ती क्लिप लावली आणि फोन टेबलावर मधोमध ठेवला. दोन वर्षांनी पहिल्यांदाच ती मी अशी ऐकली. मामी म्हणतायत, ‘जेवण जालें काय?’ आणि त्यावर माझं खिदळणं. मामींचा आवाज नीट ऐकूच येत नाही, एवढी मी हसतेय. मला वाटायचं क्लिप मामींची आहे. अर्ध्याच्या वर तर मीच होते तिच्यात. शेवटी मामी हसतात असं मला आठवत होतं. त्या हसत नाहीत. त्या कॅमेऱ्याकडे बघतात, मग एप्रनकडे बघतात, आणि तो उगीचच सारखा करतात.

मला जेवढं जमलं तेवढं मी इंग्रजीत सांगितलं. मी काय केलं, मामी गायीला काय सांगत होत्या. नाकाचंही सांगितलं. पुरुषोत्तम सर सगळा वेळ टेबलाकडे बघत होते.

तपासनीसांनी नियमांची फाईल चाळली. मग म्हणाले, ‘डॉक्टरला दिलेल्या शिव्यांसाठी आमच्याकडे नियम नाही. तुम्हाला तक्रार करायची आहे का?’

‘नाही,’ मी म्हटलं. ‘शिव्या बरोबर आहेत.’

‘प्रकार या खान्यात?’

‘शिवीच. फक्त बरोबर आहेत, असं शेरा म्हणून लिहा.’

त्यांनी लिहिलं की नाही माहीत नाही. पण मामींना बोलावलं. त्या गमबुटांसकट आल्या, गालिच्यावर चार पावलं उमटवली आणि उभ्या राहिल्या. पुरुषोत्तम सरांनी घसा खाकरून तमिळमध्ये विचारलं, ‘मामी, तुम्ही डॉक्टर मॅडमना सतरा शिव्या दिल्या, हे खरं आहे का?’

मामींनी माझ्याकडे बघितलं, टेबलावरच्या फोनकडे बघितलं. सगळं कळलं त्यांना. बाई काही मठ्ठ नाही.

‘सतरा?’ त्या म्हणाल्या. ‘एकोणीस असतील. दोन हिला कळल्या नसतील.’

गायींना फक्त दोन, म्हणजे नियमात बसतंय, असा निकाल झाला. मामी खड्ड्यातच राहिल्या. ‘आनंदी गाय’चा शिक्का मिळाला, हल्ली बाटलीवर असतो. त्यावरची गाय हसताना दाखवलीय. आमच्या एकाही गायीला मी तसं हसताना पाहिलेलं नाही.

क्लिप मी ग्रुपवरून काढली. उपयोग शून्य. ती कधीच पुढे गेली होती, कुणाच्या मावशीच्या ग्रुपवर, कुणाच्या ऑफिसात. अजून कुठेतरी कुणीतरी हसत असेल. ते मला आता परत आणता येत नाही, आणि ते मला डाचतं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या पाळीला मी खड्ड्यात उतरले. मामी सड पुसत पुसत पुढे चालल्या होत्या.

‘वणक्कम, मॅडम.’

‘मामी,’ मी मराठीत म्हटलं, ‘चुकलं माझं. फार चुकलं.’

त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पुढची गाय, पुढची गाय, पुढची गाय. मी फडकं घेऊन दुसऱ्या बाजूने पुसायला लागले. डॉक्टरचं काम नाही ते, पण नुसतं उभं कसं राहायचं? वीस गायी झाल्या. बाहेर गेल्या, नवीन वीस आल्या. त्यात ३१८. मामींनी तिला कप लावले आणि कमरेवर हात ठेवले.

‘ही बघ आली,’ त्या तिला म्हणाल्या, चांगल्या मोठ्याने. ‘सड पुसायास कळत नाहीं हिस. कॉलेजांत काय शिकविलें देव जाणे.’

मी पुसत राहिले.

‘आणि फॉर्म पाहिला मी, त्यांत म्हैस लिहिलें नाहींस तूं.’ हे मात्र मान वळवून मला. ‘म्हैस म्हटलें मी तुज, शेवटास.’

‘मला वाटलं ते गायीला असेल, प्रेमानं. म्हणून मोजलंच नाही.’

‘गायीस म्हैस कशाला म्हणूं? तिणें काय केलें माझें?’

मशीन धकधकत होतं. ३१८ने शेपटीचा एक फटकारा माझ्या तोंडावर मारला. मामींनी फडक्याने माझा गाल पुसला, सड पुसतात तसाच, दोन फटक्यांत. मग हात एप्रनला पुसले आणि भिंतीशी ठेवलेल्या पिशवीतून डबा काढला. उडदाच्या पिठाचं दह्यातलं डांगर होतं. आमच्या घरी उन्हाळ्यात करतात तसंच, वर कढीपत्त्याची फोडणी तेवढी जास्त.

‘ये गे,’ मामी म्हणाल्या. ‘उगी उभी कां राहिलीस? जेवण जालें काय?’

मी हसले नाही. त्यांना बरं वाटावं म्हणून त्यांच्यासारखंच म्हणायला गेले, ‘नाहीं जालें, मामी.’

‘तसें नको,’ मामी म्हणाल्या आणि डबा माझ्या हातात दिला. ‘तुझें तूं बोल. माझें मी बोलतें.’